सहा चौकटी

बडनेरा, ५ ऑक्टोबर २०२५

करिश्माताई,

फोनवर तू मला साडेसहा वर्षांपासून बंद करून ठेवलं आहेस, म्हणून हा कागद. स्वप्निलभाऊजींच्या हाती देते आहे. दसऱ्याचा झेंडू संपल्यावर ते काल रिकामे क्रेट न्यायला अमरावतीच्या फुलबाजारात आले होते. मी हार घ्यायला गेले होते. खरं म्हणजे हार नको होता. ते शनिवारी येतात हे मला माहीत आहे.

ते म्हणाले, "शाळेतल्या बाई दोन डाव घरी येऊन गेल्या. पोरींच्या फुटबॉल टीमले गोलकीपिंग शिकवाले माणूस पायजे. तुही बहीण म्हणते, मी नाई. म्या म्हटलं, काहून? तं म्हणते, जिले स्वतःले वेळेवर निघता येत नाई, तिनं पोरीयले काय शिकवा?"

ते क्रेट एकात एक बसवत होते. मग म्हणाले, "दिवाळीच्या सुट्ट्या सरल्या की दहा नोव्हेंबरले हो का नाई सांगा लागते. नाई म्हटलं तं बाई दुसरीकडे पाहीन."

ते वाक्य तुझं नाही, ताई. माझं आहे. अकोल्याच्या स्टेशनवर, १० फेब्रुवारी २०१९ ला, अंतिम सामना हरून परतताना बाकावर बसून मी तुला म्हणाले होते: आकडे बरोबर होते, तू उशिरा निघालीस. तेव्हापासून तू माझ्याशी बोलली नाहीस. माझं वाक्य मात्र जपून ठेवलंस. याचा अर्थ मला लागत नाही.

त्या सामन्याबद्दल या पत्रात काही लिहिणार नाही. दुसरं सांगायचं आहे. डेना व्हिटलॉक या मोसमानंतर खेळणं सोडते आहे. तीच, आपली. ओहायोतल्या स्कूलबस चालवणाऱ्याची मुलगी. तिच्या बचावांचे व्हिडिओ आपण माझ्या फोनवर पाहायचो आणि तू तिच्यासारखी दोन्ही खांबांना हात लावून मग गोलमध्ये उभी राहायचीस. बाबा म्हणायचे, "खांब्याच्या पाया पडून राहिली का वं?"

माझं काम तुला कोणी सांगितलं असेल. मी घरूनच अमेरिकेतल्या सामन्यांच्या व्हिडिओंवर नोंदी करते. प्रत्येक पास, प्रत्येक झेप, सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत. एका सामन्यात सुमारे दोन हजार नोंदी होतात. चार वर्षांपूर्वी क्लब वाटून दिले तेव्हा डेनाचा क्लब माझ्याकडे आला. मी मागितला नव्हता. तिची अकरा वर्षं मी आता पाठ म्हणू शकते: चार क्लब, गुडघ्याची एक शस्त्रक्रिया, एकसष्ट सामने. बाकीचे दोनशेहून जास्त सामने ती बाकावर बसून होती. बाकावर बसण्याची नोंद करायला आमच्याकडे रकाना नाही.

शाळेला नाही म्हणू नकोस. कारण मी आत्ता देऊ शकत नाही.

पौर्णिमा


बडनेरा, १२ ऑक्टोबर २०२५

ताई,

भाऊजी म्हणाले, तू पत्र वाचलंस आणि म्हणालीस, "पुस्तकातल्यासारकी लिहून राहिली. घरात काय पुण्याहून आली का?" मला बरं वाटलं. का बरं वाटलं ते कळलं नाही.

डेनाच्या क्लबची पहिली गोलकीपर खांद्याला मार लागून बाहेर गेली, म्हणून शेवटचे काही सामने डेना खेळते आहे. चौतीस वर्षांची आहे. काल मी तिच्या पाण्याच्या बाटलीची नोंद केली. तिकडे गोलकीपर बाटलीवर कागद चिकटवतात. समोरच्या संघातली कोण पेनल्टी कुठे मारते, ते त्यावर लिहिलेलं असतं. ती माहिती माझ्यासारखं कोणीतरी काढतं. मी कागद मोठा करून पाहिला. आठ ओळी, आठ बाण.

तुला मी दिलेल्या कागदावर एकच ओळ होती. आठ नंबर, तुझी डावी, नऊपैकी सात.

आता लिहिते. आकडे बरोबर नव्हते.

अकोल्याच्या संघाचा सराव होता त्या दिवशी माझं कॉलेजात प्रॅक्टिकल होतं. मी आपल्या मैत्रिणीला, साधनाला, माझा फोन देऊन पाठवलं. मागच्या कॅमेऱ्याची काच तडकलेली होती, सगळं धुरकट यायचं. म्हणून साधनानं फोन गोलमागच्या जाळीला बांधला, स्क्रीन मैदानाकडे करून, आणि पुढच्या कॅमेऱ्यानं चित्रण केलं. फोन बांधून ती समोसा खायला गेली. तिनं एकही पेनल्टी स्वतः पाहिली नाही, मीही नाही. त्या फोनचा पुढचा कॅमेरा चित्र आरशासारखं साठवायचा. उजवं ते डावं.

दुसऱ्या कोणाच्या बाबतीत हे लगेच लक्षात आलं असतं, कारण जर्सीवरचा आकडा उलटा दिसला असता. इंग्रजी आठ उलटा केला तरी आठच राहतो. त्यांच्या गोलकीपरच्या पाठीवरची एकची नुसती उभी रेघ होती. चित्रात दुसरं कोणी नव्हतं, मागे फक्त बाभळी.

म्हणजे आठ नंबर नऊपैकी सात वेळा तुझ्या उजवीकडे मारायची. मी तुला डावीकडे पाठवलं. तिनं उजवीकडे मारली.

हे मला गेल्या आठवड्यात समजलं, जुना फोन साफ करताना. समजल्यावर लिहिलं.

तुझी चूक नव्हती, हे आता तुला माहीत आहे. शाळेला हो म्हण.

पौर्णिमा


बडनेरा, २५ ऑक्टोबर २०२५

ताई,

भाऊबीजेनंतर भाऊजी घरी येऊन गेले. तू पाठवलेले अनारसे आईनं सगळ्यांना दिले, मलाही. तू माझ्यासाठी पाठवले होतेस का, हे मी विचारलं नाही. भाऊजी बाहेर गाडीपाशी म्हणाले, "पत्र वाचलं तिनं. दोन डाव वाचलं. मंग मले म्हणते, तिले इचारा, कवा समजलं तिले? तारीख इचारा म्हणते. पौर्णीले तारीख याद रायते."

मी त्यांना म्हटलं, पत्रात लिहिलं आहे.

ते म्हणाले, "म्याही तेच सांगतलं. तं म्हणते, जुना फोन तं तिनं दोन हजार वीसमंदीच इकला. साधनाच्या भावालेच इकला."

तू सहा वर्षं माझ्याशी बोललेली नाहीस आणि माझा फोन कधी, कोणाला विकला गेला हे तुला माहीत आहे.

तारीख ३ मार्च २०१९. रविवार. परीक्षेच्या फॉर्मसाठी मी स्वतःचा फोटो काढत होते. गळ्यातल्या ओळखपत्रावर कॉलेजचं नाव उलटं आलं. मी आधी हसले. मग व्हिडिओ उघडला. तपासायला चार मिनिटं लागली. व्हिडिओ मी त्याच दिवशी लॅपटॉपवर घेऊन ठेवला, अजून आहे.

तुझं साक्षगंध १४ मार्चला होतं, त्या दिवशी लग्न पक्कं होणार होतं. मध्ये अकरा दिवस होते.

तुला सगळं माहीत आहे, तरी मला क्रमानं लिहायचं आहे. बाबांनी जानेवारीत सांगितलं होतं, सामन्यात निवड झाली आणि नोकरीचं जमलं तर दोन वर्षं लग्नाचं नाव काढणार नाही. खेळाडूंच्या भरतीसाठी पाहायला दोन माणसं आली होती. त्यांनी जिंकलेल्या संघातल्या तिघी घेतल्या. बाबा बडनेरा स्टेशनवर नोकरीला होते, त्यांना शब्द पाळायची सवय. हरल्यावर पुढच्याच रविवारी मुलाकडची माणसं आली.

त्या अकरा दिवसांत मी सांगितलं असतं तर बाबा थांबले असते का? मला वाटतं, नाही. दुसऱ्या दिवशी वाटतं, कदाचित. निवड करणारे परत आले नसते, हे नक्की. पण तू ऐकलं असतंस. तू बाबांना म्हणाली असतीस, बाबा, ही पौर्णीची चूक आहे, मले अजून एक मोसम द्या. तू भांडली असतीस. तू भांडलीच नाहीस. तू हळदीच्या दिवशी हातमोजे कपाटाच्या वर टाकलेस. बडनेऱ्याच्या मोच्यानं अंगठा शिवून दिलेले ते हातमोजे. टाकताना कोणाकडे पाहिलं नाहीस.

मी का सांगितलं नाही, याची मी चार कारणं लिहून काढली होती. ती आता वाचली. त्यातलं एकही तुझ्यासाठी नाही.

आणखी एक मला सुटत नाही. भाऊजी चांगले आहेत. तू फुलशेतीत रमली आहेस असं आई म्हणते. शेवंतीच्या वाफ्यात तू जशी वाकून उभी असतेस, तशी गोलमध्ये असायचीस, असंही म्हणते. मग मी काय बिघडवलं? काहीच नाही असं कोणी म्हटलं तर मला राग येतो. सगळंच असं म्हटलं तर ते खरं वाटत नाही.

गेल्या पत्रातलं "गेल्या आठवड्यात" खोडून टाक.

पौर्णिमा


बडनेरा, ३ नोव्हेंबर २०२५

ताई,

यावेळी काही निरोप आला नाही. भाऊजी शनिवारी आले नाहीत. हे पत्र पोस्टानं पाठवते आहे. दहा तारखेच्या आत मिळायला हवं.

डेनाचा शेवटचा सामना झाला. मी सकाळी सहाला नोंदी करायला बसले. सत्तराव्या मिनिटाला तिच्याविरुद्ध पेनल्टी. ती बाटलीपाशी गेली. पाणी प्यायली नाही. बाटली उचलली, कागद जाळीकडे होईल अशी फिरवून ठेवली, दोन्ही खांबांना हात लावला आणि उभी राहिली. मग डावीकडे झेपावली. चेंडू उजवीकडे गेला. मी तो कागद आधीच्या एका दृश्यात वाचला होता. त्यावर पेनल्टी मारणाऱ्या मुलीच्या नावापुढे उजवीकडचा बाण होता. कागद बरोबर होता. कागदाचं ऐकलं असतं तर चेंडू अडला असता.

आणि ती हसली. गोल खाऊन, करिअरच्या शेवटच्या सामन्यात. हसण्यालाही आमच्याकडे रकाना नाही. नंतर तिला विचारलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, मला जिकडे जावंसं वाटलं तिकडे गेले. मी ते वाक्य पाच वेळा ऐकलं. तू कागदाचं ऐकलंस आणि कागद चुकीचा होता. तिनं ऐकलं नाही आणि कागद बरोबर होता. दोन्ही वेळा गोल झाला. यातून काय काढायचं ते मला कळत नाही. काही काढायचं नसेल तर मी दिवसभर मोजते काय?

गेल्या आठवड्यात मी साधनाकडे गेले होते. ती आता अंजनगाव सुर्जीला असते. अंतिम सामन्याचं आयोजकांनी केलेलं चित्रण तिच्याकडे होतं. तिला विचारलं, सहा वर्षांत सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, "तुमी दोघी बहिणी इचारता कवा? एक बोलत नाई, अन् दुसरी फक्त आकडे बोलते."

पण चित्रणाचं सांगण्याआधी दुसरं एक सांगायचं राहिलं आहे. ते तारखेच्याही आधीचं आहे.

माझ्या व्हिडिओत आठ नंबर डाव्या पायानं पेनल्टी मारत होती. आरसा होता, म्हणून. मी वहीत "डावखुरी" लिहिलं होतं. अंतिम सामन्यात तिसाव्या मिनिटाला मी तिला उजव्या पायानं लांब पास देताना पाहिलं. पुन्हा उजव्या पायानं. पुन्हा. वही मांडीवर होती. मी "डावखुरी" खोडलं आणि "दोन्ही पाय" लिहिलं.

तेव्हाच थांबून विचार करायला हवा होता. मी इलेक्ट्रॉनिक्सच्या तिसऱ्या वर्षाला होते. मोजमाप आणि समोर दिसणारं जुळत नसेल तर आधी उपकरण तपासायचं, हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात. मध्यंतरात तू पाणी प्यायला माझ्यापाशी आलीस आणि विचारलंस, "पौर्णे, ते आठ नंबर उजव्या पायानं खेळून राहिली नं वं? पक्कं हाये नं तुह्यं?"

मी म्हणाले, पक्कं आहे.

कारण मी चुकले असं त्या वेळी कोणी म्हणायला नको होतं. आणखी काही कारण असेल असं वाटून मी बराच शोध घेतला. नाही.

आता चित्रण. ते बाजूनं घेतलेलं आहे, मागच्या कॅमेऱ्यानं, बरोबर. पाटीवरची अक्षरं सुलट वाचता येतात, मी आधी तेच पाहिलं. एका सेकंदात तीस चौकटी, म्हणजे तीस स्थिर चित्रं. मी तुझी पेनल्टी एकेक चौकट पुढे नेऊन पाहिली, जशी डेनाच्या पाहते.

आठ नंबरचा पाय चेंडूला लागण्याआधी चार चौकटी, तुझा उजवा पाय उजवीकडे सरकला. नुसता कलला नाही, जमिनीवरून उचलला गेला आणि पुढे पडला. बरोबर दिशेला. डेनाच्या सगळ्या सामन्यांतल्या पेनल्ट्यांमध्ये इतक्या वेळेवर ती फक्त तीनदा निघाली आहे. मग सहा चौकटी तू तिथेच आहेस. मग तुझं अंग डावीकडे वळतं, जिकडे मी सांगितलं होतं.

सहा चौकटी म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग. निवड करणाऱ्यांना आणि मला तो उशीर दिसला. तू उशिरा निघाली नव्हतीस. तू वेळेवर आणि बरोबर निघाली होतीस. मग माझं ऐकण्यासाठी परत फिरलीस.

मी हे मोजमाप सात वेळा केलं. माफी मागायची की नाही हे मला ठरवता आलेलं नाही, कारण मागितली तर तुला उत्तर द्यावं लागेल, आणि तुला उत्तर एकाच ठिकाणी द्यायचं आहे, शाळेत. मला नको देऊस.

चौकटी कागदावर छापून सोबत ठेवल्या आहेत. दहा आहेत. पहिली पाहा, तुझा पाय पाहा.

पौर्णिमा


बडनेरा, १२ नोव्हेंबर २०२५

ताई,

काल दुपारी साडेचारला फोन वाजला. साडेसहा वर्षांत पहिल्यांदा तुझं नाव स्क्रीनवर आलं. बोलणं नव्हतं, एक व्हिडिओ होता आणि खाली तुझा मजकूर. तो मी इथे जसाच्या तसा उतरवून ठेवते, कारण फोनवरचं पुसलं जातं:

"माफ नाई केलं. ही पायल हाये, सातवीत. मोजून पाठव. खोटं सांगजो नोको."

तू कपाटावरचे हातमोजे लग्नात सोबत नेले होतेस, हे मला माहीत नव्हतं. आईलाही नव्हतं. व्हिडिओत ते पायलच्या हातात आहेत, तिला दोन बोटं मोठे होतात. शिवलेला अंगठा ओळखू आला. मागून तुझा आवाज येतो, "पौर्णीच्या कागदाले आग लागो, तू चेंडूकडे पाह्य." आणि कोणीतरी मुलगी विचारते, "पौर्णी कोण हाये, म्याडम?" त्याचं उत्तर व्हिडिओत नाही. तिथे तो संपतो.

मी फोनवर उत्तर दिलं नाही. मोजमाप कागदावरच देते.

पायल, पेनल्ट्या पाच. तीन वेळा ती चेंडू निघाल्यावर निघते, सरासरी नऊ चौकटी उशिरा. हा खरा उशीर आहे, सातवीतल्या मुलीसाठी जास्त नाही. चौथ्या वेळी ती निघतच नाही, कारण ती तुझ्याकडे पाहते आहे. तिच्या मागे उभी राहू नकोस. पाचव्या वेळी पहिला पाय उजवा, चेंडूच्या आधी दोन चौकटी, दिशा बरोबर. परत फिरत नाही. चेंडू हाताला लागून बाहेर जातो.

हे मी दोनदा मोजलं. त्याआधी तुझ्या मागच्या भिंतीवरचं शाळेचं नाव वाचून पाहिलं. सुलट आहे.

पुढचा व्हिडिओ घेताना फोन थोडा उंच बांध. पाय नीट दिसायला हवेत.

पौर्णिमा